मयतीच्या फळ्यावर कविता

६ जानेवारी, सोमवार

टक्, टक्-टक्. टक्, टक्-टक्.

ढोक गुरुजींच्या बोटातली तांब्याची अंगठी टेबलावर अशी वाजायची आणि चौथीतली आम्ही चाळीस पोरं त्या ठेक्यावर कविता म्हणायचो. नाचणगावच्या शाळेचं टिनाचं छप्पर आमच्या आवाजानं थरथरायचं. चौसष्ट वर्षं झाली. आज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या तोच ठेका पुन्हा ऐकू आला. उठून बसलो. ठरवून टाकलं.

काय ठरवलं ते लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मी बाबाराव, वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं पुलगावच्या कापडमिलमध्ये साचा, म्हणजे माग, चालवला. साचेखात्यात इतका गदारोळ, की शेजारच्याचं बोलणं ओठ पाहून समजून घ्यावं लागे. त्या गदारोळात मी शाळेतल्या सगळ्या कविता मोठ्यानं म्हणायचो. कोणाला ऐकू जात नसे, म्हणून लाजही वाटत नसे. पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. माझ्या स्वतःच्या दोन वह्या भरल्या आहेत, त्या फक्त सीतेनं ऐकल्या. तेही तांदूळ निवडता निवडता. मरायच्या आत एका तरी परक्या माणसानं माझी कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकावी किंवा वाचावी. एवढंच पाहिजे.

चौकात कवडूच्या पानठेल्याच्या बाजूला वाचनालयाची भिंत आहे, तिच्यावर फळा आहे. वाचनालयाच्या मंडळानं तो सुविचारासाठी लावला होता. पण सुविचार दोन महिन्यांत संपले आणि गेली पंधरा वर्षं त्यावर फक्त मयतीची खबर लिहितात. मधोमध नाव, खाली अंत्ययात्रेची वेळ. एरवी फळा रिकामाच असतो. उद्यापासून रोज त्यावर माझी कविता.

सीतेला सांगितलं. ती म्हणाली, "थंडीत कानाले बांधून जाजा, म्हंजे झालं."

७ जानेवारी

सहाला गेलो. खडू कवडूकडे असतो. लिहिलं :

हे प्रभाते, हे सुवर्णे, उधळी किरणांचे माणिक
गगनी विहरती पक्षीगण, गाती मंजुळ ते गाणिक

'गाणिक' असा शब्द नाही, मला ठाऊक आहे. पण यमकासाठी एवढं चालतं.

बाकावर बसून राहिलो. पहिला आला अंकुश, ऑटोवाला. लांबूनच ब्रेक मारला.

"काकाजी, कोण गेलं?"

"कोणी नाही. कविता आहे."

"हाव का? मी म्हटलं एखादा गेला." आणि गेला.

सकाळभर तेरा जणांनी विचारलं, कोण गेलं. कोणी गेलं नाही हे कळल्यावर त्यांचे चेहरे जरासे उतरायचे. वाचलं कोणीच नाही.

१० जानेवारी

तीन दिवस तीन कविता. सागर, हिमशिखर आणि वीणा. मी यांपैकी एकही डोळ्यांनी पाहिलेली नाही. कवडू म्हणाला, "काकाजी, पुसताना लई हात दुखते. कमी शब्दाचं लिहा ना."

आज सकाळी ताट समोर ठेवून मी तसाच बसलो. सीता म्हणाली, "तोंड काऊन पाडलं जी?"

"जमत नाही म्हणून."

ती तव्यावरची पोळी उलटवत होती. "पयली पोळी बिघडनच. ते तव्याले शिकवाले असते. तिच्यासाठी काय रडाचं? पीठ पडलं हाय ना परातीत."

तिला प्रत्येक गोष्टीत स्वयंपाकच दिसतो. मी उठलो आणि कॅनॉलच्या बाजूनं लांब फिरून आलो. निसर्गात गेल्याशिवाय स्फूर्ती येत नाही हेच खरं. परत येताना ओळी आपोआप सुचल्या :

पहिली पोळी बिघडणारच,
ती तव्याला शिकवायला असते.
तिच्यासाठी रडू नये,
पीठ अजून परातीत असते.

११ जानेवारी

अंकुशनं वाचलं! ऑटोतून न उतरताच, पण वाचलं. दोन ओळी वाचून हसला आणि म्हणाला, "हे बराबर हाय." तेवढ्यात सवारी आली, म्हणून पुढच्या दोन राहिल्या. निम्मी कविता म्हणजे निम्मी झालीच की.

सीतेला ती कविता म्हणून दाखवली. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "चांगली हाय. कुठून सुचली?"

"कॅनॉलवर."

"हाव, कॅनॉलवर पोळ्या लई होते," म्हणाली आणि हसत हसत आत गेली. तिची थट्टा मला कधीकधी समजत नाही.

१६ जानेवारी

मधुकरराव भेटले. पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आता मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यांच्या मनात एक फाईल असते.

"बाबाराव, फळा सूचनेसाठी हाय."

"रिकामाच असतो ना पण."

"रिकामा हाय म्हून कोणाच्या खुर्चीत बसता येते का? लोकं दचकून राह्यले ना सकाळी सकाळी. काही तक्रार आली, की बंद. सांगून ठेवतो."

मी म्हटलं, तक्रार येणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

माझी चूक सापडली. हवा, पाणी, पोळी यांवर लिहिलं तर लोक का थांबतील? गुरुजींच्या काळी कवितेत माणसं असायची, सैनिक, माळी, गवळण, आणि म्हणून ती आमच्या जिभेवर बसली. गावातल्या माणसांवर लिहायचं, नाव घेऊन. आपलं नाव पाहिलं की माणूस थांबणारच!

पहिली कोण? भाजीवाली आनंदाबाई. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. मागच्या वाडीत वांगी, पालक, सांभार लावते आणि डोक्यावर टोपलं घेऊन पुलगावला विकते. मुलगा धर्मेंद्र पुण्याला कंपनीत. तिच्या हातची सांभाराची जुडी आमच्या घरी येते, कोथिंबिरीचा तसा वास दुसऱ्या कोणाच्या वाडीला नाही.

सीतेला विचारलं, आनंदाबाईबद्दल काही सांग.

"काय सांगू? टोपलं उतरवलं तरी तिची मान सरळच राह्यते, पाह्यलं नाई का कधी? साऱ्या गावाले ताजं खाऊ घालते अन् घरी सकाळचीच भाजी सांजीले खाते. एकटीसाठी कोण चूल पेटवते!"

काही उपयोगाचं नाही सांगितलं. आता स्वतःच विचार केला पाहिजे.

२१ जानेवारी

दोन दिवस घासून आज जमली. इतकी चांगली मी कधी लिहिली नव्हती.

टोपली उतरली तरी
मान अजून सरळ आहे;
बाजार उठून गेला तरी
हाताला सांभाराचा वास आहे.
गावाला जिनं ताजं दिलं,
तिच्या चुलीवर कालचं आहे.

संध्याकाळीच, कवडूचा ठेला बंद झाल्यावर, घरातल्या खडूनं लिहून आलो, म्हणजे सकाळच्या पहिल्या माणसापासून सगळ्यांना दिसेल. मधोमध मोठ्या अक्षरात 'आनंदाबाई' लिहिलं. खाली कविता बारीक अक्षरात, कारण जागा पुरेना. चारी बाजूंनी चौकट काढली आणि कोपऱ्यांत झेंडूची फुलं. फार सुंदर दिसत होतं.

२२ जानेवारी, बुधवार

काय लिहू! 

सकाळी आठला कवडू धावत आला. "काकाजी, आनंदाबाई गेली!"

 काल ज्या बाईवर लिहिलं, ती आज गेली. मला वाटलं, कवीला पुढचं कळतं म्हणतात ते हेच का? कळत नकळत मी तिला निरोपच दिला होता का? डोळ्यांत पाणी आलं. टोपी घातली आणि निघालो.

तिच्या घरासमोर चाळीसेक माणसं. दाराला बाहेरून कुलूप. आत तिचा फोन वाजत होता, कोणीतरी सारखा लावत होतं. कोणी म्हणालं, रात्रीच दवाखान्यात नेलं असेल, तिथूनच आणतील. बायका भिंतीला टेकून रडत होत्या. मधुकररावांनी पुण्याला धर्मेंद्रला कळवलं. तो तसाच गाडी काढून निघाला. अंकुशनं बांबू आणले. मीही तिरडी बांधायला बसलो. मिलमधला माणूस, गाठी मला चांगल्या येतात. आणि गाठ मारता मारता तिचे हात, तिची मान, सगळं आठवून मी रडत होतो.

सव्वाच्या सुमारास देवळीकडचा टेम्पो थांबला. मागून आनंदाबाई उतरली. डोक्यावर रिकामी टोपली.

 ती अंगणात आली, बांबूकडे पाहिलं.

"कोणासाठी बांधून राह्यले रे?"

 अंकुश म्हणाला, "तुमच्यासाठीच, मावशी."

"मी त पालक घेऊन देवळीले गेलती!"

"फळ्यावर लिहिलं हाय ना पण."

तेव्हा साऱ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात अजून सुतळी होती.

२३ जानेवारी

कालच दुपारी मधुकररावांनी स्वतः ओल्या फडक्यानं फळा पुसला. आज घरी आले. चहा घेतला नाही, म्हणजे काम सरकारी.

"तक्रार आली बाबाराव. एकाची नाई, चाळीस जणांची. रविवारी दोन तारखेले मंडळाची बैठक हाय. आनंदाबाईनं सोता येऊन सांगितलं, की माही काही तक्रार नाई, त पाहू. नाईतर फळ्याले हात लावाचा नाई."

मी म्हटलं, "सांगेल ती. चांगली बाई आहे."

एक गोष्ट मात्र चांगली झाली. ती जिवंत असल्याचा फोन धर्मेंद्रला जालन्याजवळ लागला, तसा तो तिथूनच परत फिरला. पोराचा निम्मा हेलपाटा वाचला. हे सीतेला सांगितलं तर तिनं हातातली परात जोरात आपटली. काय झालं विचारलं तर आत निघून गेली.

२५ जानेवारी

आनंदाबाईकडे गेलो. ओट्यावर मेथी निवडत होती. म्हटलं, चूक झाली, माफी असावी. तिनं मान वर केली नाही. मेथीच्या काड्या एकीकडे, पाला एकीकडे. अर्धा तास उभा राहिलो. शेवटी म्हणाली, "घरी जा जी, ऊन तापते."

रात्रीच्या जेवणापर्यंत विचार करत होतो. तिला कवितेतलं काय लागलं असेल? 'चुलीवर कालचं आहे', हेच. गावासमोर गरिबी काढल्यासारखं झालं. माझी जीभच झडावी.

२८ जानेवारी

पुन्हा गेलो. आज सरळ मुद्द्यावर आलो. "आनंदाबाई, ते 'कालचं' मी मागे घेतो. दुसरा शब्द घालतो."

"कोणतं कालचं?"

मला टोमणा मारते आहे. मारू दे, मी त्याच लायकीचा आहे. मी दुसरी ओळ सुचवणार, तेवढ्यात ती टोपली उचलून वाडीत गेली.

घरी येऊन सीतेला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या शब्दाचं काय घेऊन बसले जी? तिच्या पोटात दुसरंच हाय. तीन दिवाळ्या पोराले बोलावून राह्यली. तिच्या मयतीले निघाला, अन् जिती हाय म्हणल्यावर वाटेतून परत गेला. त्याच्यानंतर ती कोणाच्या दारात उभी नाई झाली."

असेल. पण सीतेला कवितेतलं बारकं कळत नाही. एक शब्द माणसाला किती लागू शकतो, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

३० जानेवारी

आज एकही ओळ सुचली नाही. रोशनीचा नागपूरहून फोन आला, ही माझी नात. म्हणाली, "आजोबा, मोबाईलवर टाका ना कविता, मी शिकवते." मी नाही म्हटलं. ज्यांच्यावर लिहायचं, त्यांच्या रस्त्यात ती दिसली पाहिजे. रत्नदीपनं, म्हणजे आमच्या मुलानं, तिच्या हातून फोन घेतला आणि म्हणाला, बाबा, आता या वयात गावाशी भांडण नको.

मी कुठे भांडतो? मला फक्त लिहायचं आहे.

१ फेब्रुवारी

फळा मिळो न मिळो, मी थांबणार नाही. अंकुशकडून काळ्या रंगाचा डबा आणवला आणि आमच्या घराची रस्त्याकडची भिंत चार फूट बाय तीन फूट रंगवली. सीता दारात उभी राहून बघत होती.

"घराले काळं फासून राह्यले का?"

"फळा आहे."

"मंग वर लिहा, खालचा माणूस जिता हाय म्हून."

चांगली सूचना होती. वरच्या बाजूला पांढऱ्या रंगानं कायमचं लिहून घेतलं : 'इथे ज्यांचे नाव दिसेल ते हयात आहेत.' अंकुश पोट धरून हसला. हसू दे.

२ फेब्रुवारी, रविवार

बैठक झाली. वाचनालयात पंचवीस-तीस माणसं. आनंदाबाई आली नाही. मधुकररावांनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि ठराव वाचला : फळा केवळ सूचनांसाठी.

मी उभा राहिलो.  चौथीत गुरुजी एकट्याला म्हणायला लावायचे, तसा हात मागे बांधून.

"ठराव मान्य," मी म्हटलं. "एकच विचारतो. त्या दिवशी फळ्यावर नावाच्या खाली काय लिहिलं होतं?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"सहा ओळी होत्या. कोणाला एक तरी आठवते?"

कवडू म्हणाला, "काकाजी, नाव पाह्यलं की माणूस सुन्न होते. खालचं कोण वाचते? वेळ तेवढी शोधली, दिसली नाई, म्हून मी तुमच्याकडे धावलो."

अंकुश म्हणाला, "मी बांबू आणाले पळालो."

"मधुकरराव, तुम्ही तर पुसला. तुम्ही वाचलं असेल."

मधुकरराव चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "नाई वाचलं. रागात होतो. खरं सांगतो."

म्हणजे चाळीस माणसं रडली, तिरडी बांधली, पुण्याला फोन गेला, दहा-बारा दिवस गाव माझ्यावर हसलं, आणि माझी कविता एकानंही वाचली नव्हती. मी खाली बसलो. मला राग यायला हवा होता. पण मनात आलं ते असं : जी वाचलीच गेली नाही ती कविता नापास कशी होईल?

ठराव मंजूर झाला. घरी येऊन सीतेला सांगितलं. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "मी वाचली होती."

"केव्हा?"

"पुसाच्या आंधी. सारे तिच्या घरी पळाले, मी चौकात गेली." रिकामा पेला घेत म्हणाली, "चांगली लिहिली होती. त्याच्यातलं अर्धं माह्यं होतं, पण चांगली होती."

 मी ही डायरी काढली आणि मागची पानं उलटली. दहा तारखेची पोळी. एकोणीस तारखेची मान, आणि सांजेची ती भाजी. 'काही उपयोगाचं नाही सांगितलं' असं माझ्याच हातानं लिहून ठेवलं आहे. ते खोडणार नाही. तसंच राहू दे.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी भिंतीवरच्या फळ्यासाठी खडू भिजवत होतो. सीतेला म्हटलं, आज तू सांग, मी लिहितो. ती म्हणाली, "मले भाकरी टाकाच्या हाय. इकडेच बसा अन् आयका." तर मी चुलीजवळ पाट घेऊन बसलो.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. अंकुश असेल म्हणून मी बसूनच ओरडलो, उघडंच आहे.

आत कोणी आलं नाही. उठून पाहिलं तर दारात आनंदाबाई. डोक्यावर भरलेली टोपली, मान सरळ. बैठकीला ती आली असती तर समजलं असतं. बैठक संपल्यावर, ठराव झाल्यावर ती आता कशाला आली, ते मला समजेना. मी आपला पुन्हा माफीनंच सुरू करणार होतो.

"माफी राहू द्या जी," ती म्हणाली. "एक विचाराले आली. दहा-बारा दिवस झाले, जो भेटते तो म्हणते, आनंदाबाई, तुह्यावर फळ्यावर लिहिलं होतं. काय लिहिलं होतं, म्हणलं, त कोणालेच मालूम नाई. मले त वाचता येत नाई."

 सीतेनं आतून येऊन तिची टोपली उतरवून घेतली.

आनंदाबाई ओट्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हणून दाखवा. हळू म्हणजा. आज मले बजाराची घाई नाई."